एसरँड(टाइम(नल)) : बोगस बियाण्याची गोष्ट

आजचा लेख जरा चिडून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

मुद्दा एवढाच आहे. सी भाषेतल्या ज्या प्रोग्राममध्ये पैसा, पासवर्ड, किल्ली किंवा सोडत यांपैकी काहीही गुंतलेलं असेल, त्यात रँड() हे फंक्शन दिसता कामा नये. दिसलं, तर दोष ते लिहिणाऱ्या पोराचा थोडा, त्याला ते शिकवणाऱ्यांचा जास्त, आणि सगळ्यात जास्त त्या लायब्ररीचा, जिने हे फंक्शन इतकी वर्षं इतक्या सोप्या नावाने दर्शनी फळीवर मांडून ठेवलंय. ('रँडम'ला पुस्तकी मराठीत यादृच्छिक म्हणतात. शब्द छान आहे, पण चहाच्या टपरीवर कुणी वापरत नाही. म्हणून इथे रँडमच.)

आधी संगणक बाजूला ठेवू. आमच्या हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा काय होतं ते आठवा. सारख्या मापाच्या चिठ्ठ्या कापतात, सारख्याच घड्या घालतात, काचेच्या बरणीत टाकून खळाखळा हलवतात आणि एखादं शाळकरी पोर बोलावून त्याच्या हातून चिठ्ठी उचलतात. पोरच का? तर त्याला कुणाच्या आरक्षणाचं सोयरसुतक नसतं. समोर गावोगावचे पुढारी डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. कुणाचा पत्ता कट होतो, कुणाला लॉटरी लागते, शिव्याशाप होतात. पण "चिठ्ठी खोटी" असं सहसा कुणी म्हणत नाही. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांनाही बरोबर ५,९४६ मतं पडली होती. निकाल लागला तो ईश्वरचिठ्ठीने. शहा जिंकले. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेतली एक जागा एका लहान मुलीने उचललेल्या कागदाच्या तुकड्यावर ठरली आणि लोकांनी ते मान्य केलं.

बरणीतल्या चिठ्ठीत दोन गुण आहेत. काय निघणार हे आधी कुणाला सांगता येत नाही, आणि काय निघालं हे नंतर कुणाला नाकारता येत नाही. मुंबईच्या मटकेवाल्यांनाही ही अक्कल होती बरं का! सुरुवातीला आकडा कुठून यायचा? न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावातून. मुंबईतल्या कुणा शेठला न्यूयॉर्कचा भाव हलवता येणार नव्हता, आणि तो सगळ्यांना कळायचा. १९६१ मध्ये ते बंद पडल्यावर माठातून चिठ्ठ्या आल्या (नाव तिथूनच पडलं), मग पत्ते आले. धंदा बेकायदा होता, पण रँडम आकडा बाहेरून आणायचा असतो, घरी बसून बनवायचा नसतो, एवढं त्या मंडळींना कळत होतं. आपल्या इंजिनिअरांना कळत नाही.

आता बरणीची जागा संगणकाने घेतलीय. म्हाडाची घरं संगणकीय सोडतीने जातात. शिक्षणहक्क कायद्याखालच्या खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा ऑनलाइन सोडतीने भरतात. महाडीबीटी पोर्टलवर तुषार संच, ठिबक, रोटाव्हेटर यांसाठी अर्ज केलेल्या शेतकऱ्यांची निवड काही वर्षं संगणकीय सोडतीने होत होती. २०२५ मध्ये शासनाने ती सोडून 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' आणलं. या सोडतींच्या पोटात कुठला कोड चालतो किंवा चालायचा यावर मी काहीही आरोप करत नाहीये, तो माझा विषय नाही. पण निवड न झालेल्या सेनगावच्या शेतकऱ्याला पोराने चिठ्ठी उचलताना पाहिल्याचं समाधान मिळत नाही, एवढं तर खरं? त्याला फक्त मोबाईल गप्प असल्याचं दिसतं. बरणीचा दुसरा गुण तिथेच गेला. मग निदान पहिला तरी शाबूत असावा, नाही का?

इथे रँड() येतो.

रँड() काहीही रँडम करत नाही. तो गणित करतो. एका सुरुवातीच्या आकड्याला, ज्याला बीज म्हणतात, गुणायचं, त्यात काहीतरी मिळवायचं, आलेल्यातला एक तुकडा तुमच्या हातावर ठेवायचा, उरलेल्याशी पुन्हा तेच. सी च्या मानकात नमुना म्हणून जे रँड() छापलंय त्यात १,१०,३५,१५,२४५ ने गुणून १२,३४५ मिळवतात, बस्स. लिनक्सवरच्या जीलिबसीत यापेक्षा जरा बरी पद्धत आहे: ३१ पायऱ्या मागचा आणि ३ पायऱ्या मागचा आकडा घेऊन बेरीज करायची. तीही शेवटी बेरीजच. बीज एकच असेल तर पीक एकच येणार, आज, उद्या, माझ्या यंत्रावर, तुमच्या यंत्रावर. बीज दिलंच नाही तर मानक सांगतं की ते १ धरायचं, म्हणजे प्रोग्राम दर वेळी तेच आकडे त्याच क्रमाने ओकणार.

मग बीज कुठून आणायचं? आपल्याकडच्या पिढ्यानपिढ्यांना एकच मंत्र शिकवला गेला: एसरँड(टाइम(नल)). १९७० सालापासून किती सेकंद झाले तो आकडा घ्या आणि पेरा. जग विंडोज आणि लिनक्सवर गेलं तरी आपल्या अनेक महाविद्यालयांत डॉसच्या निळ्या पडद्यावरचं टर्बो सी चालू होतं. तिथे हाच मंत्र रँडमाइझ() नावाने होता. फासे टाकायचा प्रोग्राम, साप-शिडी, आकडा ओळखा. गंमत म्हणून ठीक. पण पोरगं पास झालं, पुण्याला नोकरीला लागलं, ओटीपी बनवायचं काम अंगावर आलं, आणि हात आपोआप तिकडेच गेले. कुणी कधी सांगितलंच नव्हतं की साप-शिडीचा फासा आणि बँकेची किल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परिचयातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर (नाव-गाव विचारू नका) मध्यंतरी बघायला मिळालं. तक्रार विचित्र होती. पेन्शनच्या दिवशी गर्दी झाली की कधीकधी दोन वेगळ्या खातेदारांना एकच ओटीपी जायचा. कोड उघडला तर आत हे:

एसरँड(टाइम(नल));
ओटीपी = १००००० + रँड() % ९०००००;

दर मागणीला नव्याने बीज, आणि बीज म्हणजे घड्याळाचा सेकंद. एकाच सेकंदात दोघांनी मागितलं की दोघांना एकच आकडा. गंमत इथे संपत नाही. चोराला तुमचा फोन लागतच नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं. तुमच्या नावाने त्याने स्वतःच ओटीपी मागितला की त्याला सेकंद माहीत. सर्व्हरचं घड्याळ एक-दोन सेकंद पुढेमागे असेल म्हणावं, तर बहुतेक वेब सर्व्हर आपली वेळ प्रत्येक उत्तरात स्वतःहून सांगतात. तीन प्रयत्नांची मुभा असते. नऊ लाखांत एक अशी जी शक्यता संस्थेच्या माहितीपत्रकात धरलेली होती, ती प्रत्यक्षात तिनात एक! हाच कोड विंडोजवर नेला तर त्याहून मजा: तिथे रँड() आजही ३२,७६७ च्या वर जात नाही. म्हणजे ओटीपी १००००० ते १३२७६७ यांच्यातच. आयुष्यभर तुमचा ओटीपी १०, ११, १२ किंवा १३ नेच सुरू होणार.

लिहिणाऱ्याला दाखवलं. पोरगा हुशार, तत्पर. म्हणाला, "सर, मायक्रोसेकंद टाकतो." मग म्हणाला, "त्यात प्रोसेसचा नंबर मिळवतो." मग म्हणाला, "वरून एमडी५ मारतो, कुणाला कळणारच नाही."

नेमकं हेच, याच क्रमाने, १९९५ मध्ये नेटस्केपने केलं होतं. सेकंद, मायक्रोसेकंद, प्रोसेसचा नंबर, तिच्या आईचा नंबर, आणि वर एमडी५. बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर या दोन विद्यार्थ्यांनी ते उलगडलं. त्याच यंत्रावर खातं असलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटाच्या आत किल्ली काढता येत होती. कारण साधं आहे. हॅश मारल्याने कळत नाही ते आपल्याला. शत्रू तोच हॅश मारून सगळ्या शक्यता तपासतो. दहाच चिठ्ठ्या बरणीत असतील तर त्या कितीही बारीक दुमडा, चिठ्ठ्या दहाच. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून शेतकऱ्यांच्या तक्रारींचा ढीग लागला होता. त्या रानात नंतर कितीही खत-पाणी ओतलं असतं तरी काय उगवणार होतं?

कुणी म्हणेल, ही नवशिक्यांची रडगाणी झाली. मोठ्या प्रकल्पांत असं होत नाही. मग डेबियनची गोष्ट ऐका, कारण ती मला या सगळ्यातली सर्वात बोलकी वाटते.

ओपनएसएसएल ही सी मधली लायब्ररी. जगातल्या निम्म्याअधिक कुलपांना तिच्या किल्ल्या. तिच्या रँडम विभागात एक जागा अशी होती की चूक शोधणाऱ्या वालग्रिंड या साधनाला तिथे सुरुवातीची किंमत न दिलेली मेमरी वाचली जातेय असं दिसायचं. २००६ मध्ये डेबियनच्या आवृत्तीत तो इशारा बंद करण्यासाठी दोन ओळी टिपणीत टाकल्या गेल्या. आधी मेलवर विचारणा झाली होती, कुणी ठाम नाही म्हटलं नव्हतं. त्यातली एक ओळ म्हणजे बाहेरून आलेला सगळा गोंधळ बरणीत ओतणारी ओळ होती. ती गेल्यावर बीज म्हणून उरला फक्त प्रोसेसचा नंबर, १ ते ३२,७६७. पावणेदोन वर्षं डेबियन आणि उबंटूवर बनलेली प्रत्येक एसएसएच किल्ली, एका प्रकारच्या यंत्रावर आणि एका लांबीसाठी, या ३२,७६७ किल्ल्यांपैकीच एक होती. सगळ्यांची यादी करायला काही तास पुरे. १३ मे २००८ रोजी, लुचियानो बेलो यांच्या लक्षात आल्यावर, हे जाहीर झालं आणि जगभरच्या प्रशासकांनी रात्र जागून किल्ल्या बदलल्या.

माझा मुद्दा त्या दोन ओळींवर रागावण्याचा नाहीच. पावणेदोन वर्षं काहीही बिघडलेलं दिसलं नाही, हा आहे. किल्ल्या बनत होत्या, कुलपं उघडत होती, चाचण्या हिरव्या होत्या. रँडम बिघडलं तर त्याचा आवाज होत नाही. बाकी कुठलाही बग कधीतरी ओरडतो. हा चोरी झाल्यावरही गप्प बसतो. म्हणूनच ही गोष्ट प्रोग्रामरच्या सदसद्विवेकावर सोडायची नसते. ती लायब्ररीने करायची असते, आणि अशी करायची की चुकीचं वापरता येऊच नये.

हे सगळ्यात आधी कळलं ओपनबीएसडीच्या लोकांना. १९९७ च्या २.१ आवृत्तीपासून त्यांच्याकडे आर्क४रँडम() आहे. बीज मागत नाही, चूक परत करत नाही, काही उघडायला-मिटायला लावत नाही. हाक मारा, आकडा घ्या. ठरावीक मर्यादेतला हवा असेल तर त्याचं भावंड आहे, त्यात टक्केवारीच्या चिन्हाने येणारा पक्षपातही होत नाही. (पक्षपात म्हणजे कसा? रँड() ३२,७६८ वेगवेगळे आकडे देतो, त्याला १०,००० ने भागून बाकी घेतली तर ० ते २,७६७ या आकड्यांना प्रत्येकी चार संधी, उरलेल्यांना तीनच. बरणीत काही चिठ्ठ्या चारदा आणि काही तीनदा टाकल्यासारखं. तहसीलमध्ये करून बघा, टेबल उलथं होईल.)

आणि मग २०१४ च्या अखेरीस त्यांनी ते केलं ज्यासाठी मी त्यांना मानतो. रँड() हेच चांगलं करून टाकलं. एसरँड() ला तुम्ही काहीही बीज द्या, लायब्ररी ते ऐकून घेते आणि कचऱ्यात टाकते. आकडे येतात ते खरे. ज्याला मुद्दाम तीच ती माळ पुन्हा हवी आहे त्याच्यासाठी एसरँड_डिटरमिनिस्टिक() असं लांबलचक वेगळं नाव. सी चं मानक म्हणतं की समान बीजाला समान माळ आलीच पाहिजे. त्यांनी मानक मोडलं. सरळ सांगून मोडलं. जुने प्रोग्राम तपासले, बहुतेकांना माळ नकोच होती, नुसता रँडम आकडा हवा होता, असं दिसलं आणि पुढे गेले.

बाकीच्यांचं काय? लिनक्सवर आधी /डेव्ह/यूरँडम ही फाइल उघडून वाचावी लागे. फाइल म्हटलं की ती नसू शकते, उघडायची मर्यादा संपलेली असू शकते, आणि मग प्रोग्रामर काय करतो? "नाही उघडली तर वेळ घे." पुन्हा टाइम(नल)! २०१४ मध्ये लिब्रएसएसएलच्या लोकांनी यावर बोंब मारली, तेव्हा टेड त्सो यांनी कर्नल ३.१७ मध्ये गेटरँडम() ही थेट हाक आणली. (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लष्करातला नव्हे.) छान झालं. पण ती हाक सी च्या लायब्ररीतून, म्हणजे जीलिबसीतून, मिळायला उजाडला फेब्रुवारी २०१७. दोन वर्षांहून जास्त काळ चर्चा! आर्क४रँडम() तर तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये आलं, ओपनबीएसडीनंतर तब्बल २५ वर्षांनी. त्यातही आधी लायब्ररीच्या आत स्वतःचा वेगळा चाचा२० कारखाना घातला होता. जेसन डोनेनफेल्ड यांनी हरकत घेतली की कर्नलकडे चांगली विहीर असताना घरात हौद कशाला बांधता, शिळं पाणी साठेल. आवृत्ती बाहेर पडायच्या आत तो कारखाना काढून थेट कर्नलला विचारणं ठेवलं गेलं. माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणी काटछाट.

आणि मानक समिती? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी२३ मानकात गुपित पुसून टाकण्यासाठी मेमसेट_एक्स्प्लिसिट() आलं. गुपित पुसायची सोय झाली, बनवायची अजून नाही! रँड() आणि एसरँड() मात्र जागच्या जागी. पायथनने २०१६ च्या ३.६ आवृत्तीत 'सीक्रेट्स' नावाचं वेगळं दुकान थाटलं, नावातच कळतं कशासाठी ते. सी ला अजून मुहूर्त सापडत नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

"कर्नलला दर वेळी विचारणं हळू पडतं." पडत होतं थोडं. ओटीपीसाठी कधीच पडत नव्हतं. एसएमएस पोचायला लागणाऱ्या वेळात लाखो वेळा विचारता येतं. शिवाय २०२४ च्या कर्नल ६.११ मध्ये हेलपाटाच वाचवणारी सोय झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला जीलिबसी २.४१ ने ती उचलली. हा आक्षेप आता शिळा झाला.

"यंत्र नुकतंच सुरू झालंय, कर्नलकडेच गोंधळ जमलेला नाही, तर?" हा आक्षेप मात्र खरा आहे. २०१२ मध्ये नाडिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या किल्ल्या गोळा करून तपासल्या तेव्हा राउटर, फायरवॉल अशा छोट्या यंत्रांनी सुरू होताहोताच बनवलेल्या किल्ल्या एकमेकींशी जुळताना सापडल्या, तब्बल ०.५ टक्के टीएलएस यंत्रांच्या खासगी किल्ल्या नुसत्या गणिताने निघाल्या. गेटरँडम() यावर योग्य तेच करतं: थांबतं. बी तयार नाही तोवर देत नाही. २०१९ मध्ये या थांबण्यामुळे काही यंत्रं सुरू होतानाच अडकली, आरडाओरडा झाला, आणि ५.४ कर्नलमध्ये प्रोसेसरच्याच वेळेतल्या बारीक थरथरीतून गोंधळ गोळा करायची युक्ती आली. अडकलेलं यंत्र दिसतं, त्यावर कुणीतरी उपाय शोधतं. खोट्या किल्ल्या वाटणारं यंत्र कुणाला दिसतच नाही.

हा 'गोंधळ' म्हणजे काय, असं विचाराल. डिस्क, नेटवर्क, कीबोर्ड यांचे निरोप नेमके कधी आले त्या वेळांचे शेवटचे अंक; आणि प्रोसेसरमध्ये खास त्यासाठी ठेवलेलं सर्किट, जे उष्णतेने होणाऱ्या सूक्ष्म थरथरीवर इकडे पडतं की तिकडे हे सांगता येत नाही. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांच्या आरशांतली हीच उष्णतेची थरथर ही शास्त्रज्ञांची मोठी डोकेदुखी. ते तिला मारायला कोट्यवधी खर्चतात, आणि आमच्या खिशातल्या चिपमध्ये तीच फुकट मिळत असताना आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.

"पण सिम्युलेशनसाठी, चाचण्यांसाठी तेच आकडे पुन्हा लागतात." लागतात की. मान्सूनचं मॉडेल चालवणाऱ्याला काल आलेला निकाल आज पुन्हा मिळायला हवा. त्याला बीज द्या, वेगळ्या नावाचं फंक्शन द्या. भांडण बीजाशी नाहीये. भांडण आहे ते कुणी न विचारता, कुणाला न दाखवता, मुकाट्याने पेरलेल्या बीजाशी.

यावर अमेरिकेतलं एक प्रकरण सांगतो. एडी टिप्टन हा तिथल्या बहुराज्य लॉटरी संघटनेचा माहिती-सुरक्षा प्रमुख. सोडतीच्या यंत्रातला प्रोग्राम त्यानेच लिहिलेला. त्यात त्याने अशी सोय केली की वर्षातल्या तीन ठरावीक तारखांना, ठरावीक वारी, रात्री ठरावीक वेळेनंतर बीज अंदाजात येईल अशा गोष्टींतून बनेल. म्हणजे लाखो शक्यतांऐवजी हाताच्या मापात मावतील एवढ्याच. २९ डिसेंबर २०१० च्या हॉट लॉटो सोडतीचं १ कोटी ६५ लाख डॉलरचं तिकीट तो स्वतः दुकानात जाऊन घेताना कॅमेऱ्यात सापडला, तिथून धागा निघाला. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. यंत्राला प्रमाणपत्र होतं, खोली कुलूपबंद होती. बीज मात्र एकाच माणसाच्या हातात होतं. तहसीलच्या बरणीत हे करायला अख्ख्या हॉलचे डोळे बांधावे लागतील.

सोडतीत आणखी एक गाळ आहे. एसरँड() मध्ये बीज मावतं ते ३२ बिटांचं, म्हणजे फार तर ४२९ कोटी वेगवेगळी बीजं. तेरा माणसांना रांगेत उभं करायच्या पद्धती आहेत ६२२ कोटी. म्हणजे अर्जदार फक्त तेरा असले तरी काही रांगा अशा आहेत ज्या रँड() कडून कधीच, जन्मात लागणार नाहीत. तालुक्याला हजारांत अर्ज येतात.

म्हणून सोडतीसाठी माझं म्हणणं वेगळं आहे, ओटीपीच्या उलटं. ओटीपीत बीज कुणालाच कळू नये, ते कर्नलकडे राहू द्या. सोडतीत बीज सगळ्यांना दिसलं पाहिजे. अर्जदारांची क्रमवार यादी आदल्या दिवशी गोठवा आणि तिचा हॅश कचेरीच्या फलकावर लावा. प्रोग्रामचा कोडही लावा, तो दोन पानांपेक्षा मोठा असायचं कारण नाही. त्यात रँड() नको. पूर्ण १२८ बिटांचं बीज पोटात घेणारा चाचा२० सारखा गणिती घाणा हवा. मग सोडतीच्या दिवशी बरणीत ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या टाका आणि शाळेतल्या पोराला बोलवा. त्याने एक उचलायची, मोठ्याने वाचायची, परत टाकायची, बरणी हलवायची. ३९ वेळा. एका दशमान अंकात साधारण ३.३२ बिट असतात, तेव्हा ३९ अंकांत १२८ बिट भरतात, आणि तेवढे आजच्या कुठल्याही शत्रूला पुरून उरतात. तो ३९ अंकी आकडा फळ्यावर लिहा, फोटो काढू द्या, तोच बीज म्हणून पेरा. ज्याला शंका असेल त्याने घरी जाऊन तीच यादी, तोच कोड, तेच बीज घेऊन निकाल पडताळावा. वसमतच्या बारावीतल्या पोरीला जमेल.

"एवढ्या चिठ्ठ्या काढायला फार वेळ जाईल हो" असं एका परिचित अधिकाऱ्याने मला हसत सांगितलं. मी घरी भाच्याला बसवून मोजलं. बरणी हलवणं धरून सतरा मिनिटं लागली, आणि त्यातली दोन त्याने मध्येच बिस्किट मागितलं त्यात गेली :-)

पतसंस्थेच्या कोडमध्ये आता एसरँड() ची ओळ नाही. तिच्या जागी गेटरँडम() आहे, आणि ते चुकलं तर प्रोग्राम सरळ थांबतो. व्यवस्थापकांनी विचारलं, "थांबला तर खातेदार ओरडतील ना?" म्हटलं, ओरडू देत.